आमची वाटचाल : चौथ्या बोल्टाची गोष्ट

बाबांचं वर्कशॉप गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत 1991पासून आहे. दोन लेथ, एक शेपर, वेल्डिंगची तीन मशिनं, आणि गिऱ्हाईक म्हणजे खाणवाले. टिपरचे पाटे, कन्व्हेयरचे रोलर, खनिज घेऊन मुरगावला जाणाऱ्या बार्जींची डागडुजी. 2012च्या सप्टेंबरात, अगदी चवथीच्या तोंडावर, खाणी बंद झाल्या आणि शेडमधला आवाजच गेला. मी तेव्हा फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकत होते. संध्याकाळी शेडवर गेलं की बाबा लेथला तेल घालत बसलेले दिसायचे. चालत नसलेल्या लेथला.

पुढे पुण्यात चार वर्षं मी सिम्युलेशनचं काम केलं. गाडीचा एखादा भाग बनवण्याआधी तो संगणकावर उभा करायचा, त्याचे हजारो छोटे तुकडे पाडायचे आणि भार आला की कुठला तुकडा किती ताणतो ते काढायचं. ही फायनाइट एलिमेंटची रीत आली विमानांकडून. रे क्लफ 1952च्या उन्हाळ्यात बोइंगमध्ये गेले होते. त्रिकोणी पंखांचा ताठपणा जुन्या गणितात बसत नव्हता, त्यातून पुढे 1956चा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा गाजलेला निबंध आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव मात्र क्लफ यांनी 1960मध्ये दिलं. पंखांची ती खटपट कंपनांसाठी होती, हे मला बरंच उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

2016मध्ये मी परत आले. बाबा म्हणाले, “संगणकाला वेल्डिंग येतं का?” तरी शेडच्या माळ्यावर त्यांनीच प्लायवूडचं पार्टिशन घालून दिलं. मोठ्या सॉफ्टवेअरचा परवाना परवडणारा नव्हता. एमटीयू या जर्मन विमान-इंजिन कंपनीतल्या अभियंत्यांनी लिहिलेलं कॅल्क्युलिक्स फुकट मिळतं, त्यावर सुरुवात केली. जुना वर्कस्टेशन, भरपूर रॅम आणि पावसाळ्यात वीज जाते म्हणून मोठा यूपीएस. रात्रभर चाललेली गणना पहाटे चारला तुटली की काय वाटतं, ते ज्यांच्या घरी भट्टी असते त्यांना विचारा.

पहिली दोन वर्षं लोक रंगीत चित्रं बघायला यायचे. लाल दिसलं की “इथं तुटणार ना?” असं विचारायचे. लाल म्हणजे त्या चित्रातला सर्वांत जास्त ताण, एवढंच. तो धातूला सहज पेलणाराही असू शकतो. आणि टोकदार आतल्या कोपऱ्यात मेश, म्हणजे त्या छोट्या तुकड्यांची जाळी, जितका बारीक कराल तितका ताणाचा आकडा वाढतच जातो, तो खराही नसतो. हे समजावण्यात माझे कितीतरी चहा गेले.

मग ती बोट आली. मांडवीत पर्यटक फिरवणाऱ्या एका छोट्या बोटीच्या मालकाला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवायचं यंत्र, धरून ठेवायला नवा ब्रॅकेट हवा होता. मी थाटात मॉडेल केलं. चार बोल्टांनी इंजिनला घट्ट धरलेला, वर वीसेक किलोचं वजन. इंजिन चार सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. मिनिटाला 1500 फेरे म्हणजे सेकंदाला 25, आणि दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला 50 धक्के, 50 हर्ट्झ. ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या संगणकाने 71 काढली. हे दोन आकडे जुळले की ब्रॅकेट जोरात थरथरतो आणि तुटतो, पण इथे अंतर भरपूर. मी अहवालावर सही केली.

सहा आठवड्यांत वेल्डच्या कडेला केसासारखी चीर.

मालक ओरडला नाही, हे त्याचे उपकार. आम्ही बेतीच्या जेटीवर गेलो. मी मोबाइल ब्रॅकेटवर ठेवून कंपनं मोजायला लागले. मोबाइलचा सेन्सर सेकंदाला साधारण शंभरदा मोजतो, म्हणजे 50 हर्ट्झच्या वरचं त्याला धड दिसत नाही, उलट भलतंच काहीतरी दिसतं. त्या भलत्यावर मी अर्धा तास विचार केला. आमचे जुने मिस्त्री तोवर इंजिनखाली आडवे झाले होते. आतून आवाज आला, “बाय, थंय पानो पावना.”

चौथा बोल्ट एक्झॉस्टच्या पाइपामागे होता. बसवणाऱ्याने तो बोटांनी फिरवून सोडून दिला होता. त्याची तरी काय चूक? दुसरा पानाही तिथे पोचला नसता.

घरी येऊन मॉडेलमधला तो एक बोल्ट मोकळा केला. 71चे 53 झाले. आणि ती बोट चालवणारा तांडेल सोळाशेच्या आसपास फेरे ठेवायचा, म्हणजे धक्का नेमका 53चाच. संगणकाने उत्तर बरोबरच दिलं होतं. ‘चारही बोल्ट घट्ट’ हे मी त्याला सांगितलं होतं, माळ्यावर बसून.

बाबांचं म्हणणं, पत्रा जाड करा. पण जागा आणि वजन दोन्ही वाढलं असतं. आम्ही तीनच बोल्ट ठेवले, तिन्ही हाताला येणारे, आणि मध्ये एक गसेट, म्हणजे कोपऱ्याला ताठ करणारा तिकोनी पत्रा, घातला. मॉडेल म्हणालं 88. यावेळी नीट सेन्सर विकत घेतला, ब्रॅकेट बसवून हातोडीने ठोकला, 84 आले. चार-पाच टक्क्यांचा फरक मला चालतो. मॉडेलमध्ये बुड पूर्ण ताठ धरलेलं असतं, खऱ्या इंजिनाचं थोडं लवचिक असतं. तो ब्रॅकेट अजून बोटीवर आहे.

तेव्हापासून आमचं निम्मं काम बदललं. आधी जागेचे फोटो काढून त्यांवरून इंजिनरूमचं त्रिमिती मॉडेल करतो, मग पाना पोचतो का ते बघायला व्हीआर हेडसेट मिस्त्रींच्या डोक्यावर चढवतो, म्हणजे त्यांना मॉडेलच्या आतच बसल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा ते शेडच्या मधोमध उकिडवे बसून हवेत पाना फिरवत होते आणि दारात उभे बाबा पोट धरून हसत होते. हेडसेटची एक गोची आहे. त्यात हात पाइपाच्या आरपार जातो. हात पोचणं वेगळं, जोर लागणं वेगळं, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून जिथे शंका असेल तिथे प्लायवूडचा खोका ठोकतो, पाइपाच्या जागी पीव्हीसी नळी, आणि त्यात खरा बोल्ट खऱ्या पान्याने आवळतो. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटतं. एका टोकाला महागडा ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्या टोकाला सुताराचं काम.

वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी कंट्रोल पॅनेलच्या उष्णतेचंही काम केलं. तिथेही मॉडेलमध्ये एप्रिलचं ऊन घालायचं आमचं राहिलं होतं. ते घातल्यावर पॅनेलवर पत्र्याची सावली सुचवली आणि तेवढ्यावर भागलं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरवाले जेटीवर मोकळे असतात आणि आमच्याकडे रांग लागते. गेल्या जूनमध्ये एका पंपाच्या ब्रॅकेटचं डिझाइन मी पक्कं केलं होतं, 92 हर्ट्झ, सगळं सुरेख. मिस्त्री खोक्यात शिरले, पाच मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले आणि खडूने दोन भोकं तीस मिलिमीटर डावीकडे आखून दिली. मी वर जाऊन पुन्हा गणना लावली. 87 आले. खडूच्या खुणांवर भोकं पाडायला सांगितली.