मागाचा आवाज आणि पहिली विकत घेतलेली फाइल

माझा मावसभाऊ इचलकरंजीत राहतो. दिवसा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात काम, रात्री लॅपटॉपवर हाउस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायचं ठेक्याचं संगीत. गेल्या वर्षी त्यानं शेजारच्या कारखान्यातला मागांचा खडखडाट मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि त्याच ठेक्यावर एक ट्रॅक बांधला. मला तो ट्रॅक सापडला भलतीकडंच. एका चॅनेलवर ४९९ रुपये भरून मी दोन हजार गाण्यांचं फोल्डर घेतलं होतं, त्यात तो होता. नाव बदललेलं, सुरुवातीला कुणा दुसऱ्याच डीजेच्या नावाचा पुकारा. "मागाचा आवाज हाय बघ, तुला आवडंल," म्हणून मीच त्याला पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला, "दादा, ह्यो माझाच हाय की."

मी कोल्हापुरात डीजे म्हणून लग्नाच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी घेतो. पैसे मोजलेत म्हणजे माल कायदेशीर, असं मला तोवर खरंच वाटायचं. विकणाऱ्याकडं विकायचा हक्क आहे का, हा प्रश्न मनात कधी आलाच नव्हता. त्या रात्री आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या 'स्पेक' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या फोल्डरमधल्या फाइली उघडून बघितल्या. नावापुढं ३२० केबीपीएस, म्हणजे भारी दर्जा, असं लिहिलेलं, पण आलेख १६ किलोहर्ट्झपाशी कापल्यासारखा संपत होता. म्हणजे हलकी फाइल नुसती फुगवून ३२० केलेली. डॉल्बीवर टॉपचा, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज किरकिरा का येतो म्हणून मी वायरी बदलत बसलो होतो, त्याचं कारण हे.

तुळशीच्या लग्नाआधी सगळा साठा नव्यानं उभा करायचा ठरवलं.

आधी वर्गणीवर गाणी ऐकवणाऱ्या ॲपमधली डाउनलोड बघितली. ती ॲपच्या बाहेर निघत नाहीत आणि वर्गणी थांबली की बंद पडतात. पेनड्राइव्हला त्यांचा काही उपयोग नाही. आपल्याकडं फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं होतं, ते २०१३ मध्येच बंद झालं. चाललं असतं तर आज आपली सवयच वेगळी असती, असं मला मनापासून वाटतं. हिंदी-मराठी मूळ गाण्यांसाठी आयट्यून्स स्टोअर आहे. भारतात ते २०१२ च्या अखेरीस आलं, फाइल २५६ केबीपीएस एएसी मिळते आणि तिला कुलूप नसतं, कुठंही वाजवता येते. क्लबच्या संगीतासाठी बीटपोर्ट, हाउससाठी ट्रॅक्ससोर्स, जुन्यापान्या गोष्टींसाठी ज्युनो डाउनलोड. ट्रॅक साधारण दीड-दोन डॉलरला पडतो, वेव्ह किंवा एआयएफएफ, म्हणजे आवाज न दाबलेली मोठी फाइल, हवी तर थोडे जास्त.

आठ ट्रॅक निवडले आणि गाडं अडलं पैसे भरताना. तीनदा पेमेंट फेल. ओटीपीसुद्धा आला नाही. लक्ष्मीपुरीतल्या शाखेत गेलो तर पहिल्या खिडकीवर "परदेशात पैसे कशाला पाठवताय?" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका मॅडमनी शांतपणे माझाच मोबाइल घेऊन दाखवलं: कार्ड सेटिंगमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' बंद होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळं नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइपपुरतं चालू होऊन येतं, बाकीचं आपण चालू करायचं. मॅडमनीच मर्यादाही घालून दिली, तीन हजारांची. आता खरेदी झाली की मी ते बटण लगेच बंद करतो. बँक डॉलरच्या भावावर आपलं शुल्क लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, तेही आधीच धरून ठेवावं.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते बँडकँप, कलाकारांनी स्वतःच आपली गाणी विकायची वेबसाइट. तिथं कलाकार किंमत स्वतः ठरवतो आणि बहुतेक वेळा आपण त्याहून जास्तही देऊ शकतो. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा कंपनी घेते. मार्च २०२० पासून त्यांनी 'बँडकँप फ्रायडे' सुरू केला, ठरलेल्या शुक्रवारी तो वाटाही सोडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनं तो दिवस मोजतात, म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. मी जेवण उरकूनच बसतो.

एक चूक केली. सगळं फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात उतरवलं आणि कदमवाडीच्या हॉलवर भाड्यानं आलेल्या सीडीजे-२००० या जुन्या डीजे प्लेअरनं ते वाचलंच नाही. आता एआयएफएफ घेतो, पेनड्राइव्ह प्लेअरला वाचता येईल अशा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करतो आणि एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर ठेवतो. पावत्यांचं वेगळं फोल्डर आहे.

फाइल घेतली म्हणजे चारचौघांत वाजवायची परवानगी मिळाली, असंही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. हॉटेलातल्या थर्टी फर्स्टला ती नाही, तिथं आयोजकानं परवाना घ्यायचा असतो. हे मी आता ऑर्डर घेतानाच बोलतो.

मावसभावानं तो ट्रॅक बँडकँपवर टाकला. मी त्याला ५०० रुपये दिले. तो रागावला, "घरातल्या माणसाकडनं पैसं कसलं घ्यायचं?" मी म्हटलं, चोराला ४९९ दिलेत, तुला एक रुपया तरी जास्त नको का?

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच ऑर्डरला, जेवणावळ उठल्यावर, तो लावला. मागाचा ठेका सुरू झाला तशी इचलकरंजीकडची वऱ्हाडी मंडळी मान वर करून स्पीकरकडं बघायला लागली.