इतर हक्कांच्या रकान्यात

‘तुम्ही ख्रिस्ती लोक शाळा-दवाखाने चालवता ते उत्तमच. पण जमीन, पाणी, विकास आराखडा यात बायबल कशाला?’ वसईत राहतो, त्यामुळे हा प्रश्न लग्नाच्या मांडवापासून विरार लोकलपर्यंत कुठेही गाठतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

सेवेला कुणाची ना नसते. मिरजेचं वॉन्लेस रुग्णालय असो, पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन असो, कौतुक होतंच. कपाळाला आठी पडते ती हक्काची गोष्ट काढली की. आणि बायबल तर हक्काचंच बोलतं. लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेतकऱ्याला ताकीद आहे: कापणीत शेताचे कोपरे सोड, खाली पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबांची आणि परक्यांची. त्यांनी दारात हात पसरायचा नाही, सरळ शेतात शिरून वेचायचं! पुढे 25 व्या अध्यायात तर जमीनच देवाची, तुम्ही उपरे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेवर समाजाचं गहाण असतं, असं म्हटलं. आपल्या भाषेत, सातबारा तुमच्या नावचा, पण इतर हक्कांत समाजाचा बोजा.

आता हे बावखलाला लावून बघा. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. मालक एक, आसरा अनेकांना. ते बुजवणारा म्हणतो, ‘जागा माझी.’ कागद त्याच्याच बाजूने असतो. विहिरीवर पंप लावून टँकर भरणाराही तेच म्हणतो. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथली हिरवाई आणि पाणी वाचवायला हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उतरले, ते याच ‘माझी’ला हरकत घ्यायला, असं मी मानतो.

बोअर किती फूट खोल असावी, हे धर्मशास्त्र सांगणार नाही. ते भूजलवाल्यांना विचारा. आणि शेजारच्या हिंदू वाडीवाल्याला लेवीयचा दाखला देऊन उपयोग नाही, त्याच्याशी विहिरीबद्दलच बोलावं लागतं. त्यात कमीपणा कसला?

अडचण वेगळीच आहे. हा बोजा चर्चच्या जमिनींवरही आहे, आमच्या शाळांच्या फीवरही, आणि दलित ख्रिस्ती माणसाला आम्ही कुठे बसवतो त्यावरही. बाहेर भाषण करताना आमचा आवाज चढतो. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या लोकांच्या, सभेत हाच विषय निघाला की चहा जरा लवकर येतो.