ईसीजी नॉर्मल आला, मग पळवायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलांच्या हृदयाची डॉक्टर असल्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो, आणि आजीकडून आला तर रागानेच येतो: ‘ईसीजी चांगला आलाय ना? मग एवढ्याशा पोराला टीएमटीच्या पट्ट्यावर कशाला पळवता?’ टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर पळवत काढलेला ईसीजी.

झोपवून काढलेला ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो, आणि तोही स्वस्थ पडलेल्या हृदयाचा. काही आजार त्यात दिसतच नाहीत. सीपीव्हीटी, म्हणजे श्रमाने हृदयाची लय बिघडवणारा जनुकीय आजार, हा त्यातला सर्वांत फसवा. बसल्याजागी ईसीजी अगदी नॉर्मल. मूल पळू लागलं, ॲड्रेनलिन वाढलं की हृदयाच्या पेशींतलं कॅल्शियम नको तेव्हा गळतं आणि जादा ठोके सुरू होतात. आधी एकेकटे, मग जोडीने, मग सलग. मूल कोसळतं. फिट समजून अशा मुलांवर वर्षानुवर्षं फिटचेच उपचार झालेले आहेत. लाँग क्यूटी हाही लय बिघडवणारा आजार. क्यूटी म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयातली वीज उठून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ. या आजाराच्या एका प्रकारात ठोके वाढले तरी क्यूटी हवा तेवढा आखडत नाही. हा दोष कधीकधी पट्टा थांबल्यावर चौथ्या मिनिटाला उघडा पडतो, म्हणून ‘झालं ना आता?’ म्हणत वायर काढायची घाई करू नका.

उलटही होतं. शांत बसलेलं असताना मधूनच येणारे जादा ठोके पळताना नाहीसे झाले तर बहुतेक वेळा आम्ही निश्चिंत होतो.

पळताना पडद्यावर मिनिटाला १९५ ठोके दिसले की आईचा हात माझ्या दंडावर येतो. अहो, ते बरोबरच आहे. लहान हृदय एका ठोक्यात रक्त कमी ढकलतं, मग ठोके वाढवूनच भागवतं. जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, हे मोठ्यांचं गणित मुलांना लावू नये. सहा वर्षांचं मूल काही २१४ गाठत नाही, आणि दहाचं-पंधराचं मूलही साधारण तिथेच, दोनशेच्या आसपास थांबतं.

सरसकट सगळ्या मुलांना पळवा असं मी म्हणत नाही. शाळेच्या प्रार्थनेत उभ्याउभ्या चक्कर आली, तर ते बहुधा साधं असतं. पळता पळता किंवा पोहताना शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र ईसीजी कितीही चांगला असो, तपासणी हवीच. येताना पायात बूट हवेत, चपलांवर पट्ट्यावर पळता येत नाही. आणि भरपेट जेवण दोन तास आधीच उरकून घ्या.