शेठचं थडगं आणि चाळीतला नळ

पोलंडमधल्या या गावात येऊन मला तीन वर्षं झाली. गावाचं नाव वुच. अर्थ होडी, पण होडी घालावी अशी नदीच दिसत नाही. ज्या छोट्या नद्या होत्या त्या गिरण्यांनी पाणी पिऊन पिऊन शेवटी जमिनीखालच्या नळात ढकलल्या. मी लालबागची. बाबा कापडगिरणीच्या साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यामुळे लाल विटांची धुराडी बघितली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

१ नोव्हेंबरला इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातात. म्हटलं तर आपली सर्वपित्री, फक्त कावळ्याची वाट बघायची नाही. काचेच्या बरणीतला झाकणवाला दिवा घेऊन मीही ओग्रोदोवा रस्त्यावरच्या जुन्या दफनभूमीत गेले. माझं तिथे कोणी नाही. मी गेले कारोल शाइब्लरकडे, म्हणजे इथल्या जुन्या गिरणीमालकाकडे.

भिंतीच्या आत तीन भाग: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंट भागात झाडांवरून एक टोकदार कळस दिसतो. लांबून वाटतं चर्च आहे. जवळ गेलं की कळतं, हे एका कुटुंबाचं थडगं. खाली तळघरात शवपेट्यांची जागा, वर प्रार्थनेची. शाइब्लर १८८१ मध्ये गेला आणि त्याच्या बायकोने, आन्नाने, वॉर्साचे दोन वास्तुकार लावून १८८५ ते १८८८ मध्ये हे बांधून घेतलं. दगडावर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. डागडुजीतला नवा दगड पांढरा आणि जुना काजळी धरलेला, दोन्ही शेजारीशेजारी. लग्नाच्या साड्यांत एखादी घरची नेसून बसावी तसं.

हा माणूस जर्मनीतल्या मोन्शाऊचा. १८४८ च्या सुमारास पोलंडमध्ये नातेवाइकांच्या गिरणीत आला, मग इथे स्वतःची काढली. ती उभी राहत होती त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायचं ठरवलं. पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला. शाइब्लरच्या गोदामात साठा होता. बाकीच्यांचे माग थांबले, हा मात्र गब्बर झाला. त्याच चार वर्षांत मुंबईही सोन्याने न्हात होती, कारण इंग्लंडला आता आपलाच कापूस हवा होता. प्रेमचंद रायचंदांनी त्या तेजीत कमावलं, १८६५ च्या मंदीत घालवलं, तरीही आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा राहिला. तोही गॉथिकच! अमेरिकेत एक युद्ध आणि दोन गावांत दोन कळस. हे लक्षात आल्यावर मी त्या थंडीत एकटीच हसले. शेजारच्या आजींनी वळून बघितलं.

टॉवर धडधाकट राहिला, कारण तो विद्यापीठाचा. या थडग्याला मात्र वाली राहिला नाही. १९४५ नंतर गिरण्या सरकारने घेतल्या, इथले जर्मन गेले, आणि प्रोटेस्टंटांची वस्ती मूठभर उरली. शाइब्लरच्या पैशाने उभं राहिलेलं सेंट जॉनचं चर्चही आता कॅथलिकांकडे आहे. दिवा लावणारं कोणी नाही म्हटल्यावर चोर आले. तळघरातल्या शवपेट्याही सोडल्या नाहीत. २००६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत याचं नाव आलं. आता संस्था आहे, दुरुस्ती हळूहळू चालते. फाटकाशी लोक पत्र्याचे डबे खुळखुळवत जुन्या थडग्यांसाठी पैसे गोळा करतात. मी दहा झ्लोटी टाकले. गिरणी कामगाराच्या मुलीने गिरणी मालकाच्या थडग्याला वर्गणी दिली, हे मी घरी सांगणार नव्हते.

पण सांगितलंच. परतताना क्शेंझी म्विन या जुन्या गिरणीवस्तीत उतरले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथे शाइब्लरची १८७३ ची सूतगिरणी आहे, २०७ मीटर लांब. आत आता महागडे फ्लॅट. ते ऐकून बाबा फक्त "हं" म्हणाले. लालबागमध्ये त्यांनी हेच घडताना रोज खिडकीतून बघितलंय. गिरणीसमोर कामगारांची घरं, लाल विटांच्या सरळ रांगा. त्यांना इथे फामुवी म्हणतात. बहुतेक बिऱ्हाडं एका खोलीची. अजून लोक राहतात; एका खिडकीत कुंडी, दुसरीत मांजर.

"थडगं बघितलंत ना, फोटो पाठवला तो?"

"बघितलं. मोठं आहे. शेठचं राहू दे गं. ही चाळच ना?"

"चाळच म्हणा."

"मग संडास कुठे? आणि नळ?"

मी कॅमेरा मागच्या अंगणात फिरवला. विटांच्या बुटक्या खोल्यांची एक ओळ होती.

"बाहेरच," बाबा म्हणाले. "जरा जवळ ने बघू."