कोऱ्या वर्णपटात डायमिथाइल सल्फाइड : के२-१८बी, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता के२-१८बी या दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाच्या वर्णपटात (ग्रहाच्या हवेतून आलेला ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार मांडलेला आलेख) थेट रेणू शोधायला घेते. ते अजून सुरू केलेलं नाही. मधले तीन आठवडे मी ज्यांत मुळात काहीच नाही असे वर्णपट चाळले. हा उशीर झाला याचं मला समाधान आहे, ते का हे सविस्तर लिहिते.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या मिरी उपकरणाची निरीक्षणं मांडली. डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड, यांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या खुणा या ग्रहाच्या हवेत ३ सिग्मा पातळीवर दिसतात (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या चढउतारांच्या तुलनेत खूण किती ठळक आहे याचं माप), असं त्यांचं म्हणणं. आपल्या समुद्रात डायमिथाइल सल्फाइड मुख्यतः सूक्ष्म वनस्पतिप्लवकांमुळे तयार होतो, म्हणून एवढी खळबळ. पाठोपाठ दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली आणि सपाट रेषाही, म्हणजे कुठलाच रेणू नाही हे गृहीतकही, तितकीच बसते, असं म्हटलं. दोन्ही बाजूंचं वाचल्यावर माझ्या मनात एकच प्रश्न उरला: काहीच नसताना 'काहीतरी' किती वेळा दिसतं? हे घरच्या संगणकावर तपासता येतं.

आधी आपण नेमकं किती बारीक शोधतोय ते बघू. के२-१८बी सिंह राशीत, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर, एका लाल खुज्या ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो. वस्तुमान पृथ्वीच्या ८.६ पट, त्रिज्या २.६ पट. अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा, ताऱ्याचा प्रकाश जेमतेम ०.३ टक्क्यांनी उतरतो. वातावरणातला रेणू ठरावीक तरंगलांबीला हा उतार आणखी थोडा वाढवतो, आणि ते 'थोडं' ठरतं स्केल हाइटवर, म्हणजे जेवढं वर गेल्यावर दाब साधारण २.७ पटींनी घटतो त्या अंतरावर. तापमान २५५ केल्विन आणि हवा हायड्रोजनप्रधान धरून मी गणित केलं, उत्तर आलं ७३ किलोमीटर. पृथ्वीवर हाच आकडा ८.५ किलोमीटर. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.४५ पट धरली तर एका स्केल हाइटमागे सुमारे २५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग) फरक पडतो. दूरच्या कुणी सूर्यासमोरून जाणाऱ्या पृथ्वीकडे असंच पाहिलं तर त्यांच्या हाती लागतील फक्त ०.२ पीपीएम.

हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. आजच्या बातम्यांत लाल खुजे तारे आणि फुगलेल्या वातावरणाचे ग्रहच का दिसतात, ते त्या दोन ओळींत आहे. जीवसृष्टीला सर्वांत पोषक म्हणून ते निवडलेले नाहीत. आपल्या उपकरणांना ते दिसतात, एवढंच.

आता प्रयोग. वेबच्याच नीरस्पेक उपकरणाच्या जी३९५एच पट्ट्यासारखा, २.८ ते ५.२ मायक्रॉनचा सपाट वर्णपट घेतला. त्यात प्रकाशित आलेखांतल्या एरर बारएवढा (मोजमापातल्या अनिश्चिततेएवढा) यादृच्छिक नॉइज मिसळला आणि असे हजार वर्णपट बनवले. मग २० रेणूंचे साचे (तो रेणू असता तर वर्णपट कसा दिसला असता त्याचे नमुने) एकेक करून प्रत्येकावर बसवले आणि सपाट रेषेपेक्षा कुठला रेणू बरा बसतो ते नोंदवलं. एकच रेणू शोधला तर निव्वळ योगायोगाने २ सिग्माच्या वर जाणारा उंचवटा मिळण्याची शक्यता २.३ टक्के. २० रेणू शोधले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असले, तर त्यांपैकी एखादा तरी तिथे पोचण्याची शक्यता ३७ टक्के होते. कागदावरचं हे गणित मला माहीत होतं, तरी स्वतःच्या पडद्यावर कोऱ्या वर्णपटांतून एकामागून एक 'शोध' उगवताना पाहणं वेगळंच.

माझी मोजणी ३७ टक्क्यांच्या बरीच खाली आली. आधी वाटलं, कोडमध्ये गडबड आहे. दोन दिवस शोधल्यावर कळलं, चूक गृहीतकात होती. रेणू एकमेकांपासून स्वतंत्र नसतातच. मिथेन, इथेन, प्रोपेन, डायमिथाइल सल्फाइड, सगळ्यांत कार्बन-हायड्रोजन बंध आहे आणि त्याचं कंपन ३.३ ते ३.४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश गिळतं. त्यामुळे नॉइजने तिथे एक उंचवटा बनवला की तीन-चार नावं एकदम पुढे येतात. खोट्या शोधांची संख्या घटते, पण प्रत्येक शोधाच्या नावाची खात्रीही घटते. माझ्या यादीत जर फक्त डायमिथाइल सल्फाइड असतं आणि इथेन-प्रोपेन नसते, तर त्याच उंचवट्याला मी बिनदिक्कत सजीवांची खूण म्हटलं असतं. यादी कोण बनवतं यावर उत्तर इतकं अवलंबून असेल, असं मला वाटलं नव्हतं.

यानंतरच्या प्रयोगाने माझी झोप उडवली. जी३९५एचचा प्रकाश दोन डिटेक्टरांवर पडतो आणि मध्ये ३.७५ मायक्रॉनच्या आसपास फट असते. दोन्ही बाजूंची पातळी तंतोतंत जुळेलच असं नाही. मी पहिली बाजू मुद्दाम २० पीपीएमने वर उचलली, बाकी काही बदललं नाही. कार्बन-हायड्रोजनवाले रेणू लगेच रांगेने वर आले, आणि काही वर्णपटांत डायमिथाइल सल्फाइड पहिलं! ऑफसेट, म्हणजे दोन बाजूंच्या पातळ्यांमधला हा फरक, मॉडेलमध्ये मोकळा सोडल्याबरोबर ते विरघळून गेलं. के२-१८बीवरच्या वेबच्या निरीक्षणांच्या २०२३ मधल्या मूळ शोधनिबंधातही डायमिथाइल सल्फाइडचा इशारा किती ठळक दिसतो ते ऑफसेट कसा धरला यावर बदलत होतं, हे वाक्य मी दोनदा वाचून पुढे गेले होते. त्याचं वजन आता कळलं. त्याच निबंधातले मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मात्र असे डळमळत नाहीत.

माझ्या जुन्या कोडमध्ये ऑफसेट शून्यावर बांधलेला होता. म्हणून दुसऱ्या नोंदीतलं वास्प-३९बी या दुसऱ्या ग्रहाचं काम पुन्हा चालवलं. तिथला ४.३ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइड इतका उंच आहे की ऑफसेट मोकळा सोडला तरी जागचा हलत नाही. ती नोंद तशीच ठेवतेय. माझं कोड कुणी वापरत असेल तर कृपया ती ओळ बदला.

एका संध्याकाळी हबल दुर्बिणीचा १.१ ते १.७ मायक्रॉनचा पट्टाही करून पाहिला. २०१९ मध्ये याच ग्रहावर पाण्याची वाफ सापडल्याचं जाहीर झालं होतं. पुढे वेबच्या निरीक्षणांत तिथे मिथेन निघालं. १.४ मायक्रॉनजवळचा पाण्याचा आणि मिथेनचा साचा हबलच्या भरड पायऱ्यांवर एकावर एक ठेवला तर वेगळे ओळखू येत नाहीत. त्या वेळच्या संशोधकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तेवढ्याच पट्ट्यावर मीही पाणीच म्हटलं असतं.

आणि समजा, रेणू खरोखर पक्का झाला, तरी? ६७पी या धूमकेतूवर डायमिथाइल सल्फाइड सापडलं आहे. प्रयोगशाळेत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असलेल्या वायुमिश्रणावर अतिनील प्रकाश टाकूनही ते बनवून दाखवलंय, तेही २०२४ मध्येच. सजीवांशिवाय ते किती साठू शकतं, हा प्रश्न सिग्मा वाढवून सुटत नाही. म्हणून मला एकट्या रेणूपेक्षा जोडी जास्त पटते. डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा त्याने आपल्या हवेत भरपूर ऑक्सिजन आणि त्याच्यासोबत मिथेन टिपलं. ऑक्सिजनच्या सान्निध्यात मिथेन दहाएक वर्षांत संपतं, म्हणजे कुणीतरी ते सतत भरत असायला हवं. इतकी बोलकी जोडी के२-१८बीवर अजून दिसलेली नाही, आणि हायड्रोजनच्या वातावरणात ती कशी दिसेल हेच मुळात वेगळं कोडं आहे.

तरी माझा या ग्रहावरचा जीव कमी झालेला नाही. मिरीचा इशारा ५ सिग्मापर्यंत न्यायला वेबचे आणखी १६ ते २४ तास पुरतील, असा केंब्रिजच्या गटाचा अंदाज होता. ते आकडे सार्वजनिक होतील तेव्हा माझं कोड तयार असलं पाहिजे.

पुढच्या नोंदीपर्यंत दोन कामं. पहिलं, ताऱ्यावरचे डाग. लाल खुज्यांचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यातच पाण्याची वाफ असते. २०२३ मध्ये जीजे ४८६बी या ग्रहाच्या वर्णपटात दिसलेलं पाणी ग्रहाचं की ताऱ्याचं, हे त्यामुळेच सांगता आलं नाही. डागांचा साचा एकविसावा म्हणून यादीत घालतेय. दुसरं काम, माझ्या हजार वर्णपटांपैकी काहींत दुसऱ्या कुणीतरी मला न सांगता खरं डायमिथाइल सल्फाइड मिसळून द्यावं. किती आणि कुठल्या वर्णपटांत, ते मला कळायला नको. मी माझी उत्तरं आधी इथे लिहीन, मग तुम्ही उघडा. कोण तयार आहे?