चौसष्ट पिक्सेलांचं ठिगळ

चाकणच्या एका कारखान्यातून तक्रार आली. कन्व्हेयरवरून जाणाऱ्या फ्लॅन्जची (बोल्टसाठी भोकं असलेल्या धातूच्या चकतीची) भोकं तपासणारी आमची कॅमेरा-पेटी अधूनमधून एक भोक कमी असलेला फ्लॅन्जही पास करते म्हणे. त्यांनी साठवलेले फोटो पाठवले. नापास व्हायला हवा होता त्या फ्लॅन्जवर भोक दिसत होतं खरं, पण ते त्याच्या आधीच्या फ्लॅन्जचं होतं.

फोटो मोठा करून पाहिला. एक जुना तुकडा ४४८व्या स्तंभापासून ५११व्यापर्यंत, दुसरा ७०४पासून ७६७पर्यंत. दोन्हींची रुंदी ६४. चित्र कृष्णधवल, म्हणजे पिक्सेलला एक बाइट. आणि पेटीतल्या बोर्डवरच्या आर्म कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरची कॅश, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या मेमरीची प्रत ठेवणारा त्याचा जवळचा छोटा साठा, ज्या तुकड्यांनी भरते ती कॅश लाइनही ६४ बाइटांचीच. लेन्स, केबल, सेन्सर हे सगळे संशयित तिथेच सुटले. सेन्सरला कॅश लाइनशी काय देणंघेणं?

"पण सर, कॅमेरा चालवणारा हाच ड्रायव्हर पीसीवर कधीपासून चालतोय की," टीममधली मुलगी म्हणाली. बरोबर होतं तिचं. पीसीत एखाद्या उपकरणाने डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहिलं, तर प्रोसेसरची कॅश त्याच्याशी जुळती ठेवायचं काम हार्डवेअरच करतं. आमच्या बोर्डवर कॅमेऱ्यासाठी तशी सोय नव्हती. ते काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात. ते चुकलं की मेमरीत नवा फोटो, आणि प्रोसेसरच्या हाती कॅशमधली जुनी ओळ.

तिनेच मग बोर्डवर एक भलंमोठं कंपाइल (कोडचा प्रोग्रॅम बनवायचं जड काम) सुरू केलं, आणि ठिगळं गायब! कंपाइल थांबवलं, परत हजर. ताण वाढला की बग पळतो, हे ऐकून हार्डवेअरवाल्यांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. पण हिशेब सरळ होता. १२८० बाय ९६० ची फ्रेम १२,२८,८०० बाइटांची, प्रोसेसरची एल-२ (दुसऱ्या पातळीची) कॅश ५१२ केबी. फ्रेम वाचतानाच बऱ्याचशा जुन्या ओळी बाहेर ढकलल्या जातात, थोड्या चिकटून राहतात. दुसऱ्या कुणी कॅश भरून टाकली की त्याही जातात.

ड्रायव्हरचं एमएमॅप फंक्शन, म्हणजे फोटोची मेमरी ॲप्लिकेशनला दाखवणारा भाग, उघडलं. फोटोसाठीचं बफर (राखून ठेवलेली मेमरी) घेतलं होतं डीएमए-अलॉक-कोहेरंट या फंक्शनने, म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बाजूने कॅशशिवाय. तेच बफर ॲप्लिकेशनला देताना मात्र रीमॅप-पीएफएन-रेंज हे फंक्शन, आणि पेज प्रोटेक्शन (मेमरीच्या पानाचे गुणधर्म) जसंच्या तसं, म्हणजे कॅशसकट. एकाच भौतिक पानाच्या पेज-टेबलमध्ये (पत्त्यांच्या नोंदवहीत) दोन नोंदी, दोन वेगळे गुणधर्म. शिवाय मागितलेली लांबी बफरपेक्षा मोठी आहे का, हेही कुणी तपासत नव्हतं. मला विचाराल तर ते जास्त भयंकर, कारण त्या वाटेने पलीकडची मेमरीही उघडी पडते.

त्या जागी डीएमए-एमएमॅप-कोहेरंट घातलं. दोन्ही बाजू कॅशशिवाय झाल्या, गुणधर्म जुळले, लांबीची तपासणीही आपोआप आली. ठिगळं गेली.

आणि तपासणी रडतखडत चालू लागली! प्रत्येक पिक्सेल आता थेट रॅममधून येत होता, आणि आमचा अल्गोरिदम एकेक पिक्सेल कितीतरी वेळा वाचतो. शेवटी साधी कॅशवाली मेमरी घेतली, मॅपिंगही कॅशसकट ठेवलं आणि प्रत्येक फ्रेमनंतर, ॲप्लिकेशनच्या हाती देण्याआधी, डीएमए-सिंक-सिंगल-फॉर-सीपीयू लावलं, म्हणजे कॅशमधल्या त्या जुन्या ओळी टाकून द्यायच्या. कारखान्यात तोच पॅच गेला. लिनक्सच्या व्ही४एल२ या व्हिडिओ-व्यवस्थेतल्या, बफर सांभाळणाऱ्या व्हिडिओबफ२मध्ये हे सगळं आयतं मिळतं. आमचा ड्रायव्हर मात्र कुणीतरी हौसेने हाताने लिहिलेला. तो तिकडे हलवायचं काम आता तिच्याकडे आहे.