शनिवारचा उपवास, दोन स्कूप आणि चारशेचे आठ राउंड

मी सातारा जिल्ह्यात माणच्या बाजूला पोलीस भरतीची पोरं पळवतो. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 ला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळालेली ललिता बाबर याच माण तालुक्यातल्या मोहीची, त्यामुळे इकडे पळणं म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. भरतीला पोरांसाठी 1600 मीटरला 20 मार्क, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15, असे एकूण 50. सोळाशेला पैकीच्या पैकी पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंदात यायचं, म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंदात. आमचं सगळं इंटरव्हल ट्रेनिंग या एका आकड्याभोवती फिरतं.

त्या शनिवारी 400 चे आठ होते. प्रत्येक 76-77 मध्ये मारायचा, मध्ये दीड मिनिट हळू जॉगिंग, परत पुढचा. यात एक पोरगा आहे, वजन 58 किलो, शांत, कधी पुढे घुसत नाही, नेहमी तिसऱ्या चौथ्या नंबरवर राहून शेवटी सगळे राउंड पूर्ण करणारा. त्यानं पहिला राउंड 68 मध्ये मारला. बाकीची पोरं टाळ्या वाजवायला लागली, पण मला ते बघून बरं वाटलं नाही, कारण 77 चा पोरगा एका रात्रीत 68 चा होत नसतो. दुसरा 69. तिसऱ्याला उभा राहिला तेव्हा बघितलं तर कान लालबुंद, मान आणि गाल खाजवतोय, बोटं थरथरतायत. चौथा पण तसाच ताणून मारला. मग मी त्याला बाजूला घेतला आणि गळ्याशी दोन बोटं लावून पल्स मोजली.

ही पल्स मोजायची सवय जुन्या इंटरव्हलवाल्यांची. 1930 च्या दशकात जर्मनीत गेर्शलर नावाचे कोच होते, त्यांचा हिशोब असा की पळताना ठोके 180 पर्यंत जावेत आणि दीड मिनिटात 120 च्या आसपास खाली यावेत, नाही आले तर त्या दिवशी थांबायचं. त्यांच्याच हाताखालच्या हार्बिगनं 1939 ला 800 मीटर 1:46.6 मध्ये मारून वर्ल्ड रेकॉर्ड केलं होतं. माझ्या पोराचे दहा सेकंदात 29 ठोके लागले, म्हणजे मिनिटाला 174, आणि हे थांबून तीन मिनिटं झाल्यावर! परत मोजले, परत 29.

"काय घेतलंस?"
"काही नाही सर."
"बाळा, मी रागवत नाय, खरं सांग."
"सर, प्री-वर्कआउट. दोन स्कूप."

प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाच्या आधी जोर यावा म्हणून घेतात ती पावडर, आणि स्कूप म्हणजे तिच्या डब्यातला मापाचा चमचा. वर सकाळी काळी कॉफी, आणि शनिवार म्हणून मारुतीचा उपवास, म्हणजे रात्रीपासून पोटात काही नाही. गाडीवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात नेला, मागं दुसरा पोरगा धरून बसला. डॉक्टर मॅडमनी लगेच ईसीजी काढला, ठोके जलद होते पण लय नीट होती, सलाईन लावलं आणि दुपारपर्यंत नजरेखाली ठेवला. मॅडमनी पावडरीचा डबा मागवला. डब्यावर बारीक अक्षरात एका स्कूपला 300 मिलिग्रॅम कॅफीन. दोन स्कूपचे 600, वर कॉफीचे 60-80. पळणाऱ्याला कॅफीनचा फायदा होतो हे खरंय, पण तो किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅममध्येच, म्हणजे या पोराला 175 ते 350 च्या दरम्यान, तेही आधी सरावात कमी डोसनं ट्राय करून. यानं किलोमागे 11 च्या वर घेतलं आणि उपाशी पोटी इंटरव्हल मारले. खाली काही घटक नुसते 'ब्लेंड', म्हणजे मिश्रण, म्हणून लिहिलेले, कशाचं किती ते नाहीच. दिल्लीच्या कॉमनवेल्थच्या तोंडावर, 2010 ला, आपले काही खेळाडू मिथाइलहेक्झेनामीन या बंदी असलेल्या उत्तेजकाच्या चाचणीत पॉझिटिव्ह आले होते, ते द्रव्य असल्याच पावडरींमध्ये मिसळलेलं सापडायचं, म्हणून मला त्या 'ब्लेंड' शब्दाची खरंच भीती वाटते.

पोराला सगळ्यात पटलेली गोष्ट काय माहितीये? खाज. मला म्हणला, सर, मुंग्या आल्या की पॉवर चढली असं समजायचं, दुकानदारानंच सांगितलं. मॅडमनी आणि मी दोघांनी त्याला बसून सांगितलं की मुंग्या त्या पावडरीतल्या बीटा-अ‍ॅलानिन नावाच्या घटकामुळे येतात, मोठा डोस एकदम घेतला की चेहऱ्याला कानाला चुरचुरतं, बाकी त्याचा अर्थ काही नाही. बीटा-अ‍ॅलानिन काम करतं ते रोज 4 ते 6 ग्रॅम, थोडं थोडं विभागून, किमान चार आठवडे घेतल्यावर. तेव्हा स्नायूत कार्नोसिन नावाचं, आम्लाला आवरणारं द्रव्य वाढतं आणि जोरात पळताना जे आम्ल साठून पाय जड होतात ते थोडं लांबतं. सकाळी खाल्लं आणि सकाळीच पळालो असं त्यात नसतं. त्याला जो जोर जाणवत होता तो सगळा कॅफीनचा होता.

आणि इंटरव्हलमध्ये नेमकं हेच घातक. कॅफीननं दम कमी लागल्यासारखा वाटतो, शरीर सांगतंय ते डोक्यापर्यंत पोचत नाही, मग पोरगा पहिले चार 68-69 नी मारतो आणि उरलेले चार होतच नाहीत. आठच्या आठ एका वेगात येणं हाच तर त्या सेशनचा फायदा. स्पर्धेला एकदाच पळायचं असतं तेव्हा ही गोष्ट उपयोगाची, पण आठवड्यातून दोनदा इंटरव्हलला हे घेऊन पळालं तर पोरगा आपला खरा वेग ओळखायलाच शिकत नाही, माझं या बाबतीत अगदी ठाम मत आहे.

दुपारी वडील आले, धावत आलेले, अंगावर शेतातलेच कपडे. डबा बघून म्हणले, "मास्तर, दुधाच्या बिलातनं दिलं होतं ओ पैसे, पोराचं भलं होईल म्हणून." तीन हजारांच्या वर किंमत. मी विचारलं तात्या, पोरगा सकाळी खातो काय? अर्धी भाकरी आणि चहा. घरात दोन म्हशी, आणि दूध सगळं डेअरीला. मला तिथं काय बोलावं सुचेना. मॅडमनी रक्त तपासायला घेतलं, हिमोग्लोबिन 11.2 निघालं. पुरुषाचं 13 च्या वर पाहिजे. रक्तात ऑक्सिजन वाहायलाच माणसं कमी आणि आपण वरून चाबूक मारतोय! लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातच फुकट मिळाल्या. चहासोबत घ्यायच्या नाहीत, दुधासोबत नाहीत, लिंबू पाण्यासोबत घ्यायच्या, हे आईला फोनवर दोनदा सांगितलं.

पुढचे काही आठवडे इंटरव्हल कमी केले, आधी 200 चे, मग 400 चे चार. अर्धा लिटर दूध घरात ठेवायला तात्या तयार झाले. सकाळी पळायच्या आधी केळं आणि गूळ-शेंगदाणे, पळून आल्यावर दोन अंडी, भाकरी, मटकी. शनिवारचा उपवास मी मोडायला लावला नाही, त्या दिवशी नुसतं स्ट्रेचिंग ठेवलं. पोरं क्रिएटिनचं, म्हणजे ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचं, पण विचारतात, त्यांना सांगतो की 3 ते 5 ग्रॅम रोज घेतलं तर 7.26 किलोच्या गोळ्याला आणि 100 मीटरला मदत होऊ शकते, पण त्यानं पाणी धरून वजन किलो-दीड किलो वाढतं आणि ते सोळाशेला अंगावर घेऊन पळावं लागतं, तर तुझे मार्क कुठं कमी पडतायत ते आधी बघ.

हिमोग्लोबिन 13 च्या वर गेल्यावर मॅडमना विचारून आम्ही दम टिकावा म्हणून बीट ट्राय केलं. बीटातल्या नायट्रेटसाठी रस पळायच्या दोन-अडीच तास आधी प्यायचा, आणि त्या सकाळी माउथवॉश वापरायचा नाही, कारण तोंडातले जंतूच त्या नायट्रेटवर पहिलं काम करतात. पहिल्याच दिवशी तात्यांचा घाबरून फोन, "मास्तर, पोराला लाल लघवी होतीय, दवाखान्यात नेऊ का?" म्हणलं तात्या, बीटाचा रंग आहे, काही होत नाही. मॉक टेस्टला, म्हणजे भरतीसारख्या सराव चाचणीला, एक कप कॉफी एवढंच, आणि तीही आधी सरावात पचते का बघून.

मागच्या मॉकला सोळाशे 5:16 आली. सहा सेकंद अजून कमी करायचेत. सध्या 400 चे दहा चाललेत, मध्ये दीड मिनिट, आणि परवा त्याचा पहिला 77 होता, दहावा पण 77, थांबल्यावर पल्स दीड मिनिटात 124.